एकाने कमवायचं, एकाने घर बघायचं: पोरांना हे परत का हवंसं वाटायला लागलंय?

तिरकस_रेघ

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. माझ्या हाताखाली काम करणारी मंडळी सगळी पंचविशी-तिशीच्या आतबाहेरची. काही वर्षांपूर्वी या वयाच्या मुलांमध्ये लग्नाचा विषय निघाला की "इतक्यात नाही हो" एवढ्यावर संपायचा. आता लग्न हवंय, लवकर हवंय, मुलं दोन तरी हवीत, आणि वर एकाने पूर्णवेळ घरी असावं असंही त्यातले बरेच जण उघडपणे म्हणतात. म्हणणाऱ्यांत मुलीही आहेत आणि त्या काही दबलेल्या-बिबलेल्या नाहीत, मीटिंगमध्ये माझं म्हणणं खोडून काढतात त्याच या मुली.

आधी मला वाटलं रील्सचा परिणाम असेल. ते ट्रॅडवाइफ प्रकरण पाहिलंच असेल तुम्ही, सुती झगा घातलेली बाई उन्हात उभी राहून पाव भाजतेय, चार गुणी मुलं, मागे मंद संगीत. आता जिच्या व्हिडिओवर जाहिराती चालतात ती बाई नुसती गृहिणी कुठली, ती घरातून धंदा चालवतेय, कॅमेरा एडिटिंग कंत्राटं सगळं आलं त्यात. पण पोरांशी जरा खोदून बोलल्यावर कळलं की रील्स हे निमित्त आहे, मुद्दा वेगळाच आहे.

ही मुलं ज्या घरांत वाढली तिथे पगार दोघं आणायचे आणि घरकाम मात्र एकच जण करायचं. आई कायम घाईत. ते बघून मुली म्हणतात, मला दोन्ही नको, एक काहीतरी धड करू दे. दुसरं म्हणजे ती अ‍ॅप्स. महिनोन्‌महिने भेटीगाठी, चॅटिंग, आणि विचारलं की "बघू, कुठे जातंय ते". त्यापेक्षा कोणी काय करायचं ते आधीच ठरलेलं असलेलं नातं बरं वाटणारच ना. आणि तिसरं, नोकरीवरची श्रद्धा उडालीय. आमच्या वेळी नोकरीत जीव लावला तर ती पण तुम्हाला सांभाळेल असा एक समज होता, या मुलांनी एका ईमेलमध्ये अख्खी टीम घरी गेलेली बघितलीय.

हे सगळं मला पटतं. अडतं ते पुढे. जुन्या काळात घरी राहणाऱ्या माणसाच्या पाठीशी काहीतरी असायचं, एका पगारात भागायचं, घटस्फोट अवघड होता, आजूबाजूला चार माणसं असायची. ते चांगलं होतं असं मी म्हणत नाहीये, त्यातलं बरंचसं जाचकच होतं. पण आता ते काहीच नसताना हा सौदा नेमका कोणाच्या भरवशावर करायचा? कमावणं सोडणाऱ्याने सगळी जोखीम एकट्याने घ्यायची का? सगळ्यांची मतं ऐकायला आवडतील, विशेषतः पंचविशीतल्यांची.

खवचटराव

मला घरी पूर्णवेळ एक माणूस हवाय. बायकोलाही घरी पूर्णवेळ एक माणूस हवाय. तो माणूस आपण व्हावं असं दोघांनाही वाटत नाही. बाकी आमचं उत्तम चाललंय.

उंबरठा_पलीकडे

मी त्या सौद्यात वीसेक वर्षं आहे, तर बोलते. पहिलं मूल झालं तेव्हा नोकरी सोडली, कोणी सोडायला लावली नाही, मलाच सोडायची होती आणि पहिली काही वर्षं फार छान गेली, हे आधी सांगून ठेवते नाहीतर लगेच सगळे हळहळायला लागतात. घरातलं काम मला कधी हलकं वाटलं नाही आणि कंटाळवाणंही नाही.

काय बोचलं ते सांगते. पैसे मागणं. नवरा चांगला आहे, कधी नाही म्हणाला नाही, पण "किती हवेत" हा प्रश्न रोज ऐकला की माणूस हळूहळू आपल्याच गरजा कमी करत जातो, चप्पल झिजली तरी अजून चालतेय म्हणतो आणि हे कोणी लादलेलं नसतं म्हणून तक्रार तरी कोणाकडे करायची. आणि मग मधे त्यांची नोकरी गेली, काही महिने घरी होते. तेव्हा मी इतक्या वर्षांनी कामं शोधायला निघाले तर समोरची मुलगी, माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी, विचारते "मधल्या काळात काय केलंत?" काय सांगणार. दोन मुलं वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, घर उभं ठेवलं. हे लिहायला त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

जुनेपुराणे

धागाकर्तीचा मुद्दा बरोबर आहे पण "जुन्या काळात" म्हणजे कुठल्या, हे बघायला हवं. कारण ही मुलं ज्याला पारंपरिक म्हणतात, म्हणजे तो सकाळी बाहेर, ती दिवसभर घरात, एका पगारात चार माणसं, ते जगाच्या इतिहासात बरंच अलीकडचं आहे आणि थोडाच काळ टिकलं. शेतीच्या आणि कारागिरीच्या काळात घर हेच कामाचं ठिकाण होतं, बाई राबायचीच, फक्त वेगळा पगार हातात पडत नव्हता. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण याच कामासाठी. अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी धुंडाळून त्यांनी दाखवलं की बायकांचं कामात असणं सरळ वाढत गेलेलं नाही. शेतीच्या काळात भरपूर होतं, कारखाने आल्यावर घसरलं आणि ऑफिसची, सेवांची कामं वाढली तसं परत चढलं. आज ज्याला परंपरा म्हणतायत तो मधला खड्डा आहे.

लग्नाच्या वयाचंही तसंच. सगळ्यांना वाटतं मागे मागे जावं तसं लोक लवकर लग्न करायचे. अमेरिकेत मुलींचं पहिल्या लग्नाचं मधलं वय १८९० साली २२ होतं आणि १९५६ साली २०.१. म्हणजे ज्या आज्यांचे फोटो बघून लोक उसासे टाकतात त्या स्वतःच्या आज्यांपेक्षाही लवकर बोहल्यावर चढल्या होत्या. आणि वायव्य युरोपात तर शतकानुशतकं लग्नं उशिरा व्हायची, बायका पंचविशीच्या आसपास, आणि बरेच जण आयुष्यभर लग्नच करायचे नाहीत, कारण आधी वेगळं घर मांडायची ऐपत जमवावी लागायची. लोकसंख्येचे अभ्यासक जॉन हजनल यांनी १९६५ मध्ये नकाशावर रशियातलं सेंट पीटर्सबर्ग ते इटलीतलं त्रिएस्ते अशी रेघ मारून तिच्या पश्चिमेचा हा प्रकार दाखवला होता. घर परवडत नाही म्हणून लग्न लांबतंय ही आजची रड त्यांना नवीन वाटली नसती.

आता एका पगाराचं. तो काही आपोआप पुरत नव्हता, तो पुरावा म्हणून भांडणं झाली, निवाडे झाले. ऑस्ट्रेलियात १९०७ साली कापणीयंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ठरवलं की साध्या अकुशल मजुरालाही इतकं मिळालं पाहिजे की तो, बायको आणि तीन मुलं काटकसरीने का होईना पण माणसासारखं राहतील. आकडा निघाला दिवसाला सात शिलिंग. ऐकायला किती छान! पण त्याची दुसरी बाजू अशी की बाईला संसार पोसायचा नसतो असं गृहीत धरलं गेलं आणि १९१९ मध्ये बायकांची मूळ मजुरी पुरुषांच्या साधारण ५४ टक्के ठरली. विधवा असो, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणारी एकटी असो, सगळ्या त्याच हिशोबात. समान वेतनाचे निर्णय यायला १९६९ आणि १९७२ उजाडलं. तर एका पगाराचं घर हवं असेल तर तो पगार कोण देणार आणि त्याची किंमत कोणाच्या पगारातून कापली जाणार हे विचारायला पाहिजे. रील्समध्ये मालक दिसत नाही कुठे.

दोनच_ओळी

जुनेपुराणे, वाचनखूण साठवली. शेवटचं वाक्य तर अगदीच +१.

कोरा_कागद

पंचविशीतल्यांनी बोला म्हणालात म्हणून. मी सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते, बरी करते आणि मला मूल झाल्यावर घरी राहायचंय. झालं, बोलले.

मला याचा राग येतो की हे म्हटल्या म्हटल्या समोरचा माणूस माझं निदान करायला घेतो. तू दमलीयेस, तू रील्स बघतेस, तुझं ब्रेनवॉशिंग झालंय. आईच्या पिढीतल्या बायकांना सांगायचे की नोकरीची हौस आहे, उतरेल चार दिवसांत. आता मला तेच सांगतायत, फक्त बाजू बदललीय. माझं मत माझं आहे एवढं तरी धरून चला ना. मी पहाटे उठून कुणाच्या तरी तिमाही आकड्यांसाठी राबते ते स्वातंत्र्य आणि स्वतःचं मूल स्वतः वाढवलं की गुलामी, हे गणित मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. आणि दिवसभर दुसऱ्याचं मूल सांभाळलं तर ती नोकरी, करिअर, स्वतःचं सांभाळलं तर वाया गेलेली डिग्री?

मला नवऱ्याची आज्ञा पाळायची वगैरे अजिबात नाहीये. खर्च, शाळा, घर कुठे घ्यायचं, सगळ्यात माझं मत अर्धं. फक्त कामाची वाटणी जुनी. हे एकत्र होऊ शकत नाही असं का समजता सगळे?

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मात्र गप्प बसले थोडा वेळ. तुम्हाला एक विचारायचंय, नंतर विचारते.

तिरकस_रेघ

कोरा_कागद, तुझं मत तुझंच आहे, धागा काढायचं कारणच ते. "दुसऱ्याचं सांभाळलं तर नोकरी" याला माझ्याकडे उत्तर नाही. पण "मत अर्धं, वाटणी जुनी" इथे मला शंका आहे. आज तुम्ही दोघं कमावता, हातात नोकरी आहे म्हणून तू नातं सोडून जाऊ शकतेस आणि त्यालाही ते माहीत आहे. दहा वर्षांनी त्याला निघून जाणं सोपं असेल आणि तुला अवघड, तेव्हाही तुझं मत अर्धंच राहील का? त्याच्या स्वभावाबद्दल मी बोलत नाहीये, तो देवमाणूस असेल. भांडणात कोणाचा शब्द शेवटचा ठरतो ते बऱ्याचदा स्वभावावर नसतं गं.

अर्धवट_झोप

मुलगा, वय २९. सगळे घरी राहणाऱ्याबद्दल बोलतायत, कमावणाऱ्याबद्दलही जरा बोलू.

मला दोन स्थळं अशी आली जिथे मुलीला नोकरी करायची नव्हती. काहीच हरकत नाही, पण मग राहणीमान मात्र दोन पगारांचं हवं होतं. ते जाऊ दे. खरी गोष्ट अशी की घरात एकच पगार असला की मला माझ्या बॉसला नाही म्हणता येत नाही. रविवारी फोन आला, उचला. बदली झाली, जा. प्रमोशन दुसऱ्याला दिलं, गप्प बसा, कारण तीन माणसं तुमच्यावर आहेत. बायको कमावती असेल तर मी निदान एकदा राजीनामा टाकून वर मान करून बाहेर पडू शकतो. माझे वडील एकटे कमवायचे आणि त्यांच्याशी माझी नीट ओळख ते रिटायर झाल्यावर झाली. पारंपरिक भूमिका म्हणजे पुरुषाला आराम असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हे करून बघावं. गोल्डिनबाई असंही सांगतात ना की काही नोकऱ्या अशा अधाशी असतात की जो चोवीस तास हजर राहील त्यालाच बक्कळ पैसे देतात? त्यामुळे एकजण तिकडे ओढला जातो आणि दुसरा आपोआप घरी ढकलला जातो. मग लोक म्हणतात यांनी परंपरा निवडली. निवडली कसली डोंबल, कंपनीने निवडली.

घरबशा

वरचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे मी घरी असतो. बायकोची नोकरी अधाशी टाईपातली आहे, माझी नव्हती, म्हणून मी थांबलो. काम तेच जे उंबरठाताईंनी सांगितलं, फरक एवढाच की मी मुलीला बागेत नेलं की अनोळखी बायका माझं कौतुक करतात, आणि त्याच कामासाठी बायकांना टोमणे मिळतात की दिवसभर घरी असून मुलाची शेंबडं पुसली नाहीत. कौतुक संपलं की मग हळूच प्रश्न येतो, "तब्येत वगैरे ठीक आहे ना?" म्हणजे घरी बसलाय म्हणजे काहीतरी झालं असणार.

पारंपरिक कुटुंब हवं म्हणणाऱ्यांना मी विचारतो की घरी कोणीतरी असावं एवढंच हवंय की घरी बाईच असावी असं हवंय? पहिलं म्हणणाऱ्यांशी माझं चांगलं जमतं. दुसरं म्हणणारे विषय बदलतात.

स्वीडनने १९७४ मध्ये जगात पहिल्यांदा मुलाच्या जन्मानंतरची पगारी सुट्टी आईबाप दोघांना खुली केली. बापांनी घेतलीच नाही, अगदी नगण्य. शेजारच्या नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले, घ्या नाहीतर गेले. मग घ्यायला लागले. स्वीडननेही १९९५ मध्ये तसाच एक महिना राखला. निवड निवड आपण म्हणतो, पण निम्मं तर फॉर्म कसा छापलाय त्यावर असतं.

धोपटमार्ग

इथे सगळे एकाच बाजूचे दिसतायत म्हणून उलट बाजू मांडतो. माझं वय ३१, लग्नाला तीन वर्षं झाली, बायको घरी, दोघांच्या मर्जीने.

ठरलेल्या भूमिकांचा सगळ्यात मोठा फायदा कोणी बोलतच नाहीये, तो म्हणजे रोजची घासाघीस वाचते. माझे मित्र दोघं दोघं कमावतात आणि घरात सतत हिशोब, काल मी केलं आज तू कर, मूल आजारी पडलं की कोणाची मीटिंग जास्त महत्त्वाची यावरून भांडण. आमच्याकडे तो प्रश्नच येत नाही. तिचं क्षेत्र ती बघते, माझं मी. गॅरी बेकर, त्यांनाही नोबेल मिळालेलं बरं का, १९९२ चं, त्यांनी हेच मांडलं की दोघांनी दोन वेगळ्या कामांत वाकबगार व्हावं, त्यात दोघांचा मिळून फायदा जास्त. आणि लोकांना हे आतून पटतं. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९३७ पासून बाईच्या घरातल्या आयुष्याने राष्ट्राला आधार मिळतो अशा अर्थाचं कलम आहे. ते बदलायला मार्च २०२४ मध्ये जनमत घेतलं, सगळे मोठे पक्ष बदलाच्या बाजूने, तरी ७४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी नाही म्हटलं. सगळे काय रील्स बघून मत द्यायला गेले होते?

जुनेपुराणे

आयर्लंडचं एवढं सरळ नाही हो. नाही म्हणणाऱ्यांत घरकाम-संगोपनाचं मोल वाढावं म्हणणारेही होते, अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारेही होते. त्यांची तक्रार अशी की नवीन शब्दरचनेत कुटुंबातल्या सगळ्यांनी एकमेकांची काळजी घ्यावी आणि सरकारने त्यासाठी "प्रयत्न करावा" एवढंच होतं, सरकारवर बंधन असं काही नव्हतं. त्यांना जुनं कलम आवडत होतं असा त्याचा अर्थ लावणं धाडसाचं आहे. बाकी त्याच आयर्लंडमध्ये १९७३ पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची, तेही त्या "आधारा"तच धरायचं का?

मोजपट्टी

घासाघीस वाचते हे खरं असेलही, पण काम वाचतं का? समाजशास्त्रज्ञ जोअ‍ॅन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या नोकरी न करणाऱ्या गृहिणींचे तास मोजून दाखवले होते. १९२४ मध्ये आठवड्याला ५२ तास. मधे वॉशिंग मशीन आलं, फ्रिज आला, व्हॅक्यूम क्लीनर आला. १९६० च्या दशकात किती? ५५ तास. यंत्रं आली तसे कपडे जास्त वेळा धुवायचे ठरले, घर जास्त लखलखीत हवं असं ठरलं, मुलांना गाडीतून सोडायचं-आणायचं काम नव्याने निघालं. काम वेळ बघून पसरतं. आणि आजचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरची सरासरी आहे, बिनपगारी घरकाम आणि संगोपन, बायका दिवसाला ४ तास २५ मिनिटं, पुरुष १ तास २३ मिनिटं. यात नोकरी करणाऱ्या बायकाही धरलेल्या आहेत. धागाकर्तीच्या टीममधल्या मुलींच्या आयांची घाई याच आकड्यात कुठेतरी आहे.

खवचटराव

पुरुषांची ती २३ मिनिटं नेमकी कशात जातात ते मला माहीत आहे. "हे कुठे ठेवलंय" विचारण्यात.

तिरकस_रेघ

😄

धोपटमार्ग, तुमचा घासाघिशीचा मुद्दा मला खरंच मान्य आहे, आमच्याकडे ती चालू असते आणि दमवते. पण बेकरचा हिशोब पुढे न्या ना. दोघं दोन कामांत मुरले. तुमच्या कामातला अनुभव तुम्हाला दुसऱ्या कंपनीत नेता येतो, त्याचे जास्त पैसे मिळतात. तुमच्या पत्नीचा अनुभव, तुमच्या घराची घडी, तुमच्या आईवडिलांची पथ्यपाणी, तुमच्या मुलाचे हट्ट, हा त्या घराबाहेर कुठे चालतो? म्हणजे लग्न टिकलं तर दोघांचा फायदा, आणि मोडलं, किंवा तुम्हाला काही झालं (न होवो), तर तोटा जवळजवळ एकटीचा. तीन वर्षांत हे दिसत नाही. तुमच्यावर अविश्वास नाही, पण तुम्ही विमा काढता तो काय उद्या मरणार म्हणून काढता का?

धोपटमार्ग

विम्याचं पटलं. पण लग्न मोडेल हे धरून लग्न सुरू करणं मला मनापासून आवडत नाही. अमेरिकेतसुद्धा घटस्फोटांचं प्रमाण १९८० च्या आसपास सर्वात जास्त होतं, नंतर उतरत आलंय.

मोजपट्टी

उतरलंय, कारण मुळात लग्नं करणारेच कमी झालेत आणि जे करतात ते जास्त शिकलेले, जास्त स्थिरावलेले आहेत. तिथे डिग्री नसलेल्यांमध्ये लग्नाचं प्रमाण खूप जास्त घसरलंय. लग्न करायची इच्छा गरिबाला नसते असं नाही, जमत नाही. आणि भूमिका ताठ ठेवल्या की कुटुंबं वाढतील असं ज्यांना वाटतं त्यांनी दक्षिण कोरियाकडे बघावं. तिथे लग्नाबाहेर मूल होणं फार कमी, घरकाम बाईचंच मानलं जातं, आणि नोकऱ्या प्रचंड तासांच्या. २०२३ मध्ये दर बाईमागे मुलं ०.७२. यामागे घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च असं बरंच आहे, पण तिथल्या कितीतरी मुली सरळ म्हणतात की या अटींवर लग्नच नको.

पुढची_तारीख

कौटुंबिक प्रकरणं बघतो, थोडं लिहितो. घाईत आहे.

"भरवसा कोणाचा" हा धाग्यातला प्रश्न वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळा सोडवलाय. अमेरिकेत १९३९ पासून सोशल सिक्युरिटीत, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेत, न कमावणाऱ्या बायकोला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळण्याची सोय आहे. घटस्फोट झाला तरी मिळू शकते, पण लग्न दहा वर्षं टिकलेलं असलं पाहिजे. नऊ वर्षं अकरा महिने संसार केला असेल तर त्या लग्नाच्या नावावर शून्य. जपानने १९८६ मध्ये नोकरदाराच्या अवलंबून असलेल्या जोडीदाराला हप्ता न भरता मूळ पेन्शन दिली, चांगलं वाटतं, पण कमाई ठरावीक आकड्यापुढे गेली की ती सवलत जाते, त्यामुळे कितीतरी बायका वर्षअखेरीला तास मोजून काम थांबवतात. मला त्यातल्या त्यात पटलेली पद्धत जर्मनीची. १९७७ पासून तिथे घटस्फोट होताना लग्नाच्या काळात दोघांनी जमवलेले पेन्शनचे हक्क निम्मे-निम्मे वाटतात, कमावलं कोणी हे बघत नाहीत. गंमत म्हणजे त्याच १९७७ पर्यंत पश्चिम जर्मनीच्या कायद्यात असंही होतं की बायकोने नोकरी करावी, पण संसाराच्या कर्तव्यांशी जुळत असेल तरच. आणि फ्रान्समध्ये १९६५ पर्यंत विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःचं बँक खातं उघडता येत नव्हतं. परंपरेच्या नावाने उसासे टाकताना हेही पॅकेजमध्ये होतं हे लक्षात असू द्या.

माझ्याकडे येणाऱ्यांत वाईट माणसं कमी असतात. बहुतेकांचं म्हणणं एकच, "आमचं असं काही ठरलं नव्हतं." एकाला वाटत असतं पाच वर्षांसाठी घरी थांबायचं ठरलं, दुसऱ्याला वाटत असतं कायमचं. घर कोणाच्या नावावर, बचत कोणाच्या नावावर, परत कामाला लागायचं झालं तर मुलांचं काय, हे प्रेमात असताना बोलायला लाज वाटते आणि माझ्यासमोर बोलताना उशीर झालेला असतो.

धोपटमार्ग

घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. आज बोलतो तिच्याशी. (खवचटराव, काही लिहू नका.)

खवचटराव

बरं.

कोरा_कागद

उंबरठाताई, विचारायचं होतं ते हे. तुम्हाला परत तीच निवड करायची असती, नोकरी सोडायचीच असती, तर काय वेगळं ठरवून घेतलं असतंत? नोकरी सोडू नकोस हे उत्तर नकोय, ते मला सगळेच देतात.

उंबरठा_पलीकडे

नाही देत गं ते उत्तर. मी परत सोडली असती.

पण एक म्हणजे माझ्या नावाचं खातं, आणि त्यात दर महिन्याला त्यांच्या पगारातून ठरलेली रक्कम आपोआप जमा होणारी. घरखर्चाची नाही, ती वेगळी. ही माझी. मी त्याचं काय करते ते कोणी विचारायचं नाही, मी सांगायचंही नाही. मागायची वेळच आली नसती तर माझ्यातलं बरंच काही शाबूत राहिलं असतं असं वाटतं. दुसरं, आठवड्यातला एक दिवस मी ड्यूटीवर नाही. आजारी असले तर सुट्टी असं नाही, धडधाकट असताना सुट्टी, आणि त्या दिवशी घर कसं चाललंय ते मला फोन करून विचारायचं नाही. तिसरं, जुन्या ऑफिसातल्या दोघी-तिघींशी संबंध ठेवले असते, वर्षातून एखादं छोटं काम घेतलं असतं, पैशासाठी नाही, त्या फॉर्मवरच्या रकान्यासाठी. आणि कधीपर्यंत ते ठरवलं असतं. मुलं शाळेत जाईपर्यंत म्हणाले होते मी, मग दहावीपर्यंत झालं, मग सासऱ्यांचं आजारपण आलं, मग कोणी विचारलंच नाही, मी पण नाही.

हे सगळं त्यांच्याशी बोलले असते तर ते हो म्हणाले असते बहुतेक. तेव्हा बोलायचं सुचलं नाही कारण आजूबाजूला कोणीच बोलत नव्हतं.

अर्धवट_झोप

खात्याची कल्पना मला कमावणाऱ्याच्या बाजूनेही बरी वाटते. "किती हवेत" विचारणाऱ्यालाही ते विचारायला फार आवडतं असं नाही.

घरबशा

आमच्याकडे ते खातं आहे. बायको दर एक तारखेला टाकते. पहिल्या महिन्यात मला फार विचित्र वाटलं होतं, पगार घेतोय की पॉकेटमनी कळेना. आता तारीख चुकली की मीच आठवण करून देतो. सुट्टीचा दिवस मात्र आमच्याकडे अजून जमलेला नाही.

कोरा_कागद

ताई, खूप थँक्यू. स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवला, तासभर बोललो. सुट्टीला लगेच हो म्हणाला. मुदतीलाही हो, शाळेत घालेपर्यंत, मग परत बसून ठरवायचं. खात्याचं मात्र "बघू" म्हणालाय.

पुढची_तारीख

"बघू"ला तारीख लावून घ्या.